काळं करणं पंधरा मिनिटांचं

'ब्लॅकोडायझिंग' हा शब्द मी कॉलेजात कधी ऐकला नव्हता. १९९६ साली रसायनशास्त्रात बीएस्सी होऊन रबाळ्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात कामाला लागलो, तेव्हा तो पहिल्यांदा पत्र्याच्या पाटीवर वाचला, तोही पेंटरने दोन चुका करून रंगवलेला. पुस्तकात याला ब्लॅक ऑक्साइड म्हणतात. पण दिघ्यापासून शिरवण्यापर्यंतच्या, नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कुणालाही विचारा, तो ब्लॅकोडायझिंगच म्हणेल. घाईत असेल तर नुसतं 'काळं करून द्या'.

एलन बोल्ट काळा असतो, तो रंगवलेला नसतो. त्यावर कसला मुलामाही नसतो. कॉस्टिक सोडा, सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट पाण्यात विरघळवायचं, ते पाणी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळायचं आणि त्यात पोलादाचा भाग बुडवायचा. पंधरा-वीस मिनिटांत त्या पोलादाचीच वरची कातडी मॅग्नेटाइट होते, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. डाय, जिग, कोलेट, गेज, टूल होल्डर, नट-बोल्ट असलं सगळं आमच्याकडे येतं. आधी बारा वर्षं नोकरी केली, मग त्याच गाळ्यात भागीदार झालो. उजव्या मनगटावर कॉस्टिकचे दोन पांढरे डाग आहेत. पुढचं बहुतेक चुकून शिकलेलं आहे.

१. काटा अर्धंच सांगतो

पहिल्या आठवड्यात मी टाकीपाशी वही घेऊन उभा राहायचो. काटा १४० वर आला की माल सोडायला सांगायचो. टाकी सांभाळणारे मामा मूळचे साताऱ्याकडचे, आधी वागळे इस्टेटमध्ये होते. सगळा पट्टा त्यांना मामा म्हणायचा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीएस्सी, काटा बघितलास. उकळी कुठंय?"

खरंच, टाकी गप्प होती. कडेला दोन-चार बुडबुडे, बाकी पाणी थंडगार असल्यासारखं स्थिर. मला वाटलं, तापमान महत्त्वाचं, उकळीचं काय घेऊन बसलात? मामांनी मला ते एका शब्दात शिकवलं: पाक. लाडवांचा पाक जसा आटत जातो तसा तो जास्त तापल्यावर उकळतो, आणि तार बघून आपण त्याचा दाटपणा ओळखतो. आमच्या टाकीचंही तेच. १४० ला खळखळून उकळतंय म्हणजे क्षार आणि पाणी यांचं प्रमाण बरोबर. १४० झाले तरी उकळी नाही म्हणजे पाक पुढे गेलाय, पाणी कमी पडलंय. १३० लाच उकळायला लागलं तर पातळ झालाय, क्षार घाला, नाहीतर माल राखाडी राहील. प्रयोगशाळेत अर्धा तास टायट्रेशन करून जे कळायचं, ते उकळी उभ्या उभ्या सांगते. टायट्रेशन मी अजून करतो, पण महिन्यातून एकदा आणि बरंचसं माझ्या समाधानासाठी.

पाक पुढे गेला की लाडू दगड होतात. आमचा पाक पुढे गेला की माल लाल होतो. विटकरी, बोटाला लागणारी भुकटी सगळ्या अंगावर. बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे भाग तर त्या आधीच तांबूस मारायला लागतात. त्यांना दोन-चार अंश कमीच बरे.

२. टाकीत पाणी घालायला माणूस लागतो, बादली नाही

उकळत्या टाकीतून दिवसभर वाफ जाते, म्हणून दिवसभर पाणी घालावं लागतं. आणि १४० अंशांच्या द्रावात गार पाणी ओतणं म्हणजे तापल्या तेलात पाण्याचा हबका मारणं. टाकी शिंकते. मनगटावरचे माझे दोन डाग त्यातल्याच एका शिंकेचे.

तेव्हा पाणी घालायचं ते टाकी खळखळत असतानाच, म्हणजे पडेल तसं मिसळून जातं. बारीक पाइपाने, लांबच्या कोपऱ्यातून, धार करंगळीएवढी. टाकी स्थिर असताना घातलं तर पाणी हलकं म्हणून वर तरंगत राहतं आणि ढवळलं गेलं की एकदम उडतं.

सकाळची गोष्ट वेगळीच. रात्री टाकी थंड झाली की वर क्षारांची साय धरते, इतकी जाड की काठीने वाजवली तर टणटण आवाज यावा. खाली बर्नर लावला की तळ आधी तापतो, वर झाकण बसलेलं, वाफेला वाट नाही. मामा रोज संध्याकाळी जाताना टाकीत एक लोखंडी सळई उभी सोडून जायचे. मला वाटायचं विसरतात, म्हणून एकदा मीच ती काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी तासभर छिन्नी-हातोडीने साय फोडली आणि त्या तासात मला एकही शब्द बोलले नाहीत. सळई असली की ती हलवून भोक पडतं, वाफ निघते. एवढंच होतं ते.

३. चलनावर 'एमएस' लिहिलंय म्हणून तो एमएस नसतो

महाप्याच्या एका कारखान्यातून फिक्स्चर आलं. बारा किलोचं, सुबक. चलनावर मटेरियल 'एमएस', म्हणजे माइल्ड स्टील. जाळीत घालून टाकीत सोडलं आणि दहा सेकंदांत टाकी दुधासारखी वर यायला लागली. फिक्स्चरच्या मागच्या बाजूला रिव्हेट मारलेली अॅल्युमिनियमची नावपट्टी होती. गरम कॉस्टिकमध्ये अॅल्युमिनियम म्हणजे हायड्रोजनचा कारखाना. मामांनी साखळीने जाळी वर खेचली, बर्नर बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं. फेस काठावरून दोन ओंजळी सांडला. नावपट्टी शोधली तर रिव्हेटसुद्धा शिल्लक नव्हते.

तेव्हापासून माल हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय टाकीकडे जात नाही. खिशात चुंबक असतो, पण चुंबकावर विसंबू नये. झिंक मारलेला वॉशरही चुंबकाला चिकटतो, आणि झिंकही टाकीत विरघळतं. पितळेची बुश राहिली तर तांबं द्रावात उतरतं आणि नंतर भलत्याच मालावर लाल सावली दिसते. स्टेनलेस स्टीलला या टाकीत काहीच होत नाही, जसं गेलं तसं बाहेर येतं. पार्टी फोनवर विचारते, "झालं का काळं?" आणि आपण काय सांगणार?

४. धुणं

काळं करणं पंधरा मिनिटांचं. धुणं हा खरा धंदा आहे, आणि त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही.

२००१ च्या सुमारास आम्ही एका टूलरूमसाठी दोनशे ब्लॉक केले होते. प्रत्येकात सहा आंधळी भोकं, म्हणजे आरपार नसलेली, त्यात एम-८ चे आटे. माल सुंदर निघाला. काजळासारखा काळा, तेल लावल्यावर चेहरा दिसेल असा. नवव्या दिवशी फोन आला की मालाला बुरशी लागलीय. मी हसलो. लोखंडाला कुठे बुरशी लागते? गेलो तर खरंच प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पांढरा कापूस उगवल्यासारखा. नखाने उचलला तर भुकटी. ती जिभेला लावायची माझी हिंमत झाली नाही, पण थेंबभर पाण्यात विरघळवून लिटमस लावला आणि तो निळा झाला.

तो आमच्या टाकीतला कॉस्टिक होता. आट्यांच्या खाचांत शिरलेला दाट द्राव साध्या पाण्याने निघालाच नव्हता. दिसायला भाग कोरडा, आत भोकाच्या तळाशी थेंब. तो थेंब हळूहळू वर आला, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सोड्याचा झाला आणि तोंडाशी फुलला. त्या फुलाभोवतीचं तेल गेलं आणि दोनशेही ब्लॉक परत आले.

आता आम्ही असं करतो. जाळीत भोकं खाली तोंड करून बांधायची. दोन थंड पाण्यांच्या टाक्या, पहिली वाहती, आणि दर वेळी जाळी वर काढून पूर्ण निथळू द्यायची. मग गरम पाण्याची टाकी, कारण गरम पाणी खाचांत शिरतं आणि बाहेर आल्यावर भाग आपोआप वाळतो. आंधळी भोकं असतील तर हवेचा झोत मारायचा. आणि शेवटी माझं बीएस्सी कामी येतं: भोकाच्या तोंडाशी फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब. गुलाबी झाला तर परत धुवा. पोरांना हा खेळ आवडतो. नवा हेल्पर आला की त्याला पहिल्या दिवशी ड्रॉपर देतो. गुलाबी शोधायच्या नादात तो नीट धुवायला शिकतो.

दोन पट्ट्या एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेला माल मात्र मी घेत नाही. त्या फटीत गेलेला कॉस्टिक देवाला बोलावलं तरी निघणार नाही.

आणि धुतलेलं पाणी जातं कुठे? आमच्याकडे एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी येतं. पार बदलापूरकडून आलेलं पाणी आम्ही अर्ध्या तासात खराब करतो. ते गंज काढायच्या आम्लाच्या धुवणासोबत टाकीत घेऊन पीएच सातच्या आसपास आणायचा, गाळ बसवायचा, मग पाणी सामायिक सांडपाणी केंद्राकडे. गाळ पोत्यांत भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे. याचा खर्च बिलात दिसतो. आमच्यापेक्षा किलोमागे बऱ्याच कमी भावात काळं करून देणारे आहेत. त्यांचा गाळा बहुतेक नाल्याच्या कडेला असतो, एवढंच सांगतो.

५. काळ्याखाली काही लपत नाही

लोकांना वाटतं काळं केलं की ओरखडे झाकले जातील. उलट आहे. हा थर जेमतेम एक मायक्रॉनचा. ग्राइंड केलेला भाग चकाकतो, सँडब्लास्ट केलेला मऊ मॅट दिसतो, आणि लेथवरच्या बोथट टूलच्या रेघा तर आरशात दिसाव्या तशा दिसतात. चांगलं काळं हवं असेल तर आमच्या आधी टर्नरला चहा पाजा.

गंमत म्हणजे हॉट रोल्ड पट्टीवरची काळी खपली, जिला आम्ही स्केल म्हणतो, त्यातही मॅग्नेटाइट असतंच. ती काळी खपली आम्ही आम्लात घालून काढतो, भाग पांढरा करतो आणि परत काळा करतो. ती खपली मधूनमधून सुटलेली असते, पोलादाला धरून नसते, म्हणून हा उलटा कारभार.

६. आम्लाचा हिशेब दुसऱ्या दिवशी होतो

सर्क्लिप म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंग पोलादाची रिंग. एका लॉटवर गंज होता, म्हणून आमच्या पोराने त्या हायड्रोक्लोरिक आम्लात जरा जास्तच वेळ ठेवल्या. काळ्या झाल्या, तेल लावलं, पाकिटं भरली, दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्टीच्या स्टोअरमधून फोन: पाकिटं उघडली तर निम्म्या रिंगा तुटलेल्या. कुणी त्या हातातही घेतल्या नव्हत्या. पाकिटातल्या पाकिटात तुटल्या.

आम्लाची लोखंडाशी क्रिया होते तेव्हा हायड्रोजन निघतो आणि थोडा पोलादात शिरतो. साध्या पोलादाला त्याचं फारसं काही नाही. पण कडक केलेलं, ताणाखाली असलेलं पोलाद त्याने ठिसूळ होतं, आणि लगेच नाही, काही तासांनी तडकतं. ब्लॅकोडायझिंगच्या टाकीचा यात दोष नाही, ती कॉस्टिकची आहे. दोष आधीच्या आम्लाचा, म्हणजे आमचाच. पार्टीने आधी 'तुमच्या काळ्यानेच झालं' म्हणून वाद घातला, आणि मी काळ्याची बाजू घेत राहिलो, आम्लाचं नाव काढलं नाही. त्याची लाज अजून वाटते. आता कडक मालाला आम्ल नाहीच. गंज असेल तर ब्लास्टिंग. नाइलाजाने आम्ल लावावंच लागलं तर लगेच भट्टीत, दोनशे अंशांच्या आसपास, काही तास.

७. एक मायक्रॉनची किंमत

वीस मिलिमीटरच्या गेज पिनला एच-६ टॉलरन्स म्हणजे एकूण १३ मायक्रॉनची मोकळीक. त्यावर दहा मायक्रॉन झिंक चढवलं तर व्यासात वीस मायक्रॉन वाढ, पिन भोकात जाणारच नाही. काळं केलं तर मायक्रोमीटरला फारसं काही कळतही नाही, कारण थर वरून चढत नाही, कातडीतूनच तयार होतो. टूलरूमवाले आमच्याकडे येतात ते याच्यासाठी. रंगासाठी येणारे वेगळे, ते भावासाठी भांडतात.

८. तेल लावलं नाही तर काळं म्हणजे फक्त रंग

हे मी पार्टीला लेखी देतो. नुसतं ब्लॅक ऑक्साइड गंजापासून फार थोडं वाचवतं. त्या थराला बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांत तेल धरून राहतं म्हणून तो टिकतो. गरम पाण्यातून काढलेला माल डिवॉटरिंग ऑइलमध्ये बुडवायचा. ते आधी पाणी हटवतं, मग जागा घेतं. एका पार्टीला कोरडा माल हवा होता, हात काळे होतात म्हणून. दिला. जुलै महिना, खाडीवरून येणारं ओलं वारं. टेम्पोतून उतरेपर्यंत कडांवर तांबूस रेघ.

जुलैवरून आठवलं. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर पेपरात वाचलं. आम्ही दुपारी बर्नर बंद केला होता. रात्री गाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी आलं. टाकीचा काठ कमरेएवढा, त्यामुळे टाकी वाचली. पण कॉस्टिकच्या पन्नास किलोंच्या पोत्यांची थप्पी लाकडी फळीवर, जमिनीपासून वीतभर. सकाळी मी आणि मामा पाण्यातून चालत थप्पीपाशी गेलो आणि मामांनी पोत्यावर हात ठेवला, तो पटकन मागे घेतला. पोतं गरम होतं. वरून पाऊस, पायाखाली पूर, आणि मध्ये ते पोतं तापलेलं. आत पाणी शिरून कॉस्टिक विरघळत होता आणि विरघळताना तापत होता. आम्ही ज्या पाण्यात उभे होतो, त्यातच तो उतरत होता, हे कळायला मला दोन क्षण लागले. मामांना कमी. "बाहेर," म्हणाले. पिंढऱ्या आठवडाभर लाल होत्या. आता क्षारांची पोती छातीएवढ्या उंच रॅकवर असतात, आणि नवीन पोरं विचारतात की चढवायला त्रास होतो, खाली का ठेवत नाही?

९. थंड काळं

एक विक्रेता वर्षातून एकदा येतो. बाटलीतलं औषध, गॅस नको, टाकी नको, फडक्याने लावा, भाग काळा. काळा होतोही. पण त्यात मॅग्नेटाइट नसतं. सेलेनियम आणि तांब्याचं संयुग वरून बसलेलं असतं. पांढरा रुमाल घासा, रुमालाला कळतं. मोठ्या डायचा एखादा कोपरा ग्राइंड करताना उघडा पडला तर त्याला टचअप म्हणून मी ते आनंदाने वापरतो, एक बाटली कपाटात असते. त्यावर जॉब घेणं मात्र नाही.

१०. तवा

गोठिवलीच्या एक मावशी एकदा बिडाचा तवा घेऊन गाळ्यात आल्या. घावन चिकटतात, तुमच्याकडे काळं करतात म्हणे, करून द्या. नवीन हेल्पर तवा जाळीत ठेवायच्या बेतात होता. मी ओरडलो.

आमच्या टाकीतलं नायट्राइट दिसायला मिठासारखं असतं. पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू धरायची ताकदच मारतं. आम्लात पडलं तर तपकिरी विषारी वायू सोडतं, म्हणून आम्लाची टाकी आणि ही टाकी गाळ्याच्या दोन टोकांना आहेत. चहा-साखरेचा डबाही गाळ्यात ठेवत नाही, चहा बाहेरच्या टपरीवर. आणि बीड सच्छिद्र, त्यात शिरलेलं धुऊन निघाल्याची खात्री मी तरी देणार नाही. त्या ब्लॉकांनी मला तेवढं शिकवलं होतं.

मावशी नाराज झाल्या. मामा तोवर निवृत्त झाले होते, पण दुपारी सवयीने येऊन बसायचे. ते उठले, तवा टपरीवर नेला, स्टोव्हवर धूर येईपर्यंत तापवला, अर्धा कांदा गोडेतेलात बुडवून सगळ्या तव्यावर फिरवला. गार केला. परत तापवला, परत कांदा. चार वेळा. तिसऱ्या वेळेपासून तव्यावर आमच्या मालासारखी काळी झाक यायला लागली.

"हे एवढंच?" मावशी म्हणाल्या. "मग इतक्या टाक्या कशाला?"

मामांनी तवा हातात तोलून बघितला. "आम्ही किलोवर घेतो," म्हणाले. "दोन किलो भरेल. दोन चहा सांगा."